नारिंगी ठिपके

गेल्याच्या गेल्या शनिवारी इथे काहीच लिहिलं नाही. दोन-तीन जणांनी 'काय रे, जिवंत आहेस ना?' म्हणून विचारलंही. जिवंत होतो. दौंडला होतो, आणि आमच्या जुन्या पांढऱ्या वॅगन-आरच्या बॉनेटवर माती घासत बसलो होतो.

आता गाडीवरून माती काढायची असते, लावायची नसते, हे शाळेतल्या पोरालाही कळतं. पण थांबा. सगळं नीट सुरुवातीपासून सांगतो, मग हसा.

ही गाडी अण्णांनी २०१० साली घेतली. अण्णा म्हणजे माझे वडील. रेल्वेत कॅरेज अँड वॅगनमध्ये फिटर होते. म्हणजे गाडी यार्डात येऊन उभी राहिली की डब्यांखाली वाकून चाकं, स्प्रिंगा, ब्रेक बघायचे आणि झिजलेले ब्रेक ब्लॉक बदलायचे. सदतीस वर्षं हेच केलं. गाडी घेतली तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. पतपेढीचं कर्ज, थोडं पीएफचं, थोडं आईच्या भिशीचं. शोरूममधून गाडी आणली तेव्हा चाकांखाली लिंबं ठेवली होती, आणि पुढचे पंधरा दिवस अण्णा सीटवरचं प्लास्टिक काढू देत नव्हते.

दौंड म्हणजे जंक्शन. पुणे-सोलापूर मार्ग, शिवाय एक फाटा मनमाडकडे आणि एक बारामतीला. दिवसरात्र मालगाड्या. आमचं क्वार्टर यार्डाला लागून होतं, आणि निवृत्तीनंतर अण्णांनी घर बांधलं तेही रुळांजवळच. लांब प्लॉट स्वस्तात मिळत होता, पण 'तिकडे झोप लागणार नाही' म्हणाले. तर गाडी पंधरा वर्षं उघड्यावर उभी, रुळांपासून जेमतेम शंभर पावलांवर.

आणि त्या गाडीवर नारिंगी ठिपके आले. आधी थोडे, मग खूप. छतावर, बॉनेटवर, डिकीवर. जणू कुणी ओल्या ब्रशने गेरू शिंपडलाय. पांढऱ्या गाडीवर तर ते लांबूनही दिसायचे. सगळे म्हणायचे गंज लागला. मीही म्हणायचो.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगायला मला आवडत नाही. पण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही.

दोन वर्षांपूर्वी मी पुण्यात फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला अण्णा आणि आई गाडी घेऊन आले. डिकीत पूजेचं सामान, गव्हाचं पोतं, स्टीलची दोन पातेली. त्याच दिवशी ऑफिसची मंडळी येणार होती, मॅनेजरसकट. मी खाली गेटवर गेलो, गाडी बघितली आणि म्हणालो, "अण्णा, गाडी जरा बाहेर रस्त्यावर लावता का? आतलं व्हिजिटर पार्किंग भरलंय."

भरलं नव्हतं. तीन जागा रिकाम्या होत्या.

अण्णा "बरं" म्हणाले. गाडी रस्त्याच्या कडेला लावली, आणि गव्हाचं पोतं खांद्यावर घेऊन त्या तीन रिकाम्या जागांसमोरून चालत लिफ्टपर्यंत आले. काही बोलले नाहीत. त्यानंतर पुण्याला जेव्हा जेव्हा आले, रेल्वेनेच आले. विचारलं की म्हणायचे, "पास आहे ना. पेट्रोल कशाला जाळायचं?" तर्क बिनतोड होता. मी स्वतःला तो पटवूनही घेतला होता.

असो.

गाडीला २०२५ मध्ये पंधरा वर्षं पूर्ण झाली. खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं. पुढे चालवायची तर आरटीओत गाडी दाखवून फिटनेस पास करायचा, पर्यावरण कर भरायचा, मग आणखी पाच वर्षं मिळतात. मी फोनवर म्हणालो, "विकून टाका, मी नवीन घेऊन देतो." अण्णा म्हणाले, "इंजिन चांगलंय." मी म्हणालो, "अहो पण बॉडी गंजलीय." ते म्हणाले, "बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'नाही'.

मग एका रविवारी दौंडला गेलो होतो तेव्हा सहज म्हणून नखाने एक ठिपका खरवडला. नख अडकलं. म्हणजे ठिपका रंगाच्या वर आलेला होता. गंज असा नसतो. पत्रा गंजतो तेव्हा रंगाखालून गंजतो. आधी रंगाला फोड येतो, मग तो फुटतो, मग खाली तपकिरी भगदाड दिसतं. आणि गंज सहसा दाराच्या खालच्या कडा, चाकांच्या कमानी अशा पाणी साचणाऱ्या जागी आधी लागतो. आमच्या गाडीत नेमकं उलटं होतं. दारांच्या कडा ठीक, आणि छत ठिपक्यांनी भरलेलं. म्हणजे जे काही होतं ते वरून पडत होतं.

ऑफिसात आम्ही याला 'रूट कॉज' म्हणतो. तीन वर्षं सगळी टीम ज्याला डेटाबेसचा प्रॉब्लेम समजत असते, तो नेटवर्कचा निघतो. इथे पंधरा वर्षं निघाली.

रात्री वाचत बसलो. या प्रकाराला इंग्रजीत नावच 'रेल डस्ट' आहे! रेल्वेचं चाक रुळावर घासतं, ब्रेक ब्लॉक चाकावर घासतो, आणि लोखंडाचे अगदी बारीक कण हवेत उडतात. यातले बरेच कण तापलेले असतात. ते गाडीच्या रंगावर पडतात आणि चिकटून रुततात. मग दव, पाऊस, धुण्याचं पाणी लागून ते कण गंजतात, फुगतात आणि भोवती नारिंगी वर्तुळ सोडतात. म्हणजे गंज होताच. पण आमच्या गाडीचा नव्हता. रेल्वेच्या चाकांचा होता.

(तुम्ही रुळांजवळ राहत नसाल तर लगेच खूश होऊ नका. तुमच्या स्वतःच्या गाडीच्या ब्रेक डिस्कही बिडाच्याच असतात. पुढच्या चाकांच्या रिमवर जी तपकिरी पूड बसते ती हीच. शिवाय शेजारी कुणी ग्रिलचं वेल्डिंग, ग्राइंडिंग केलं की झालं. काळ्या गाडीवर हे ठिपके दिसत नाहीत एवढंच.)

दिसत नसतील तर ओळखायचे कसे? त्याची युक्ती फार सोपी आहे. गाडी धुवून घ्या. मग हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला, भाजीवाल्याकडची चालेल, आणि बोटं अलगद बॉनेटवरून फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा रंग पिशवीतून पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो. मी अण्णांच्या गाडीच्या छतावरून हात फिरवला तर चर्र आवाज आला. अण्णा ओट्यावर बसून बघत होते. म्हणाले, "पिशवी घालून कसला तपास चाललाय?" मी त्यांच्याही हातात पिशवी घातली. त्यांनी हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग पूर्ण गाडीभोवती फिरून आले. फिटरच्या बोटांना खरखर म्हणजे काय ते मला समजावून सांगायची गरज नव्हती.

मग पुण्यातून सामान मागवलं आणि पुढच्या शनिवारी सकाळी सहाला सुरुवात केली. सकाळी, कारण पत्रा तापलेला नको. ऊन लागलं की वर मारलेलं रसायन वाळतं आणि डाग काढायच्या ऐवजी नवे डाग पडतात.

पहिली पायरी, धुणं. कपड्याची पावडर किंवा भांड्याचा साबण नको, गाडीचा शाम्पू. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. फडकं दर वेळी आधी साध्या पाण्यात खंगाळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं. नाहीतर बॉनेटवरची वाळू बादलीत, बादलीतून परत बॉनेटवर, आणि आपण तीच वाळू प्रेमाने घासत बसतो.

दुसरी पायरी, प्रत्येक डागाची जात ओळखणं. इथे माझ्यातला इंजिनियर जागा झाला आणि मी आईच्या किराणा यादीच्या पाठीमागे तक्ता केला. दारांच्या खालच्या भागावर काळे टणक ठिपके, ते डांबर. सोलापूर रस्त्याची देणगी. डांबर पाण्याने सात जन्मात निघत नाही, तेलातच विरघळतं. अण्णांनी डिझेलचं फडकं दोन मिनिटं दाबून धरलं, ठिपका मऊ होऊन पुसला गेला. नंतर ती जागा शाम्पूने धुवायची, नाहीतर तेलकट थर राहतो. वाळलेली पक्ष्यांची शीट कधी खरवडू नये. ओलं फडकं दहा मिनिटं ठेवून फुगवावी. शीट आम्लधर्मी असते आणि उन्हात रंग खाते, म्हणून दिसली की त्याच दिवशी काढलेली बरी. आंब्याखाली गाडी लावल्यावर जो चिकटा पडतो तो ताजा असेल तर कोमट पाण्यानेही जातो. आणि पांढरी गोल वर्तुळं म्हणजे बोअरच्या पाण्यातले क्षार. त्याला निम्मं पाणी घातलेलं व्हिनेगर, मिनिटभर, आणि लगेच भरपूर पाणी.

हे सगळं झालं तरी नारिंगी ठिपके जागच्या जागी होते. ते ना तेलाला दाद देतात ना साबणाला.

तिसरी पायरी म्हणजे या सगळ्याचा क्लायमॅक्स. लोखंड काढायचा स्प्रे. बाटलीत पाण्यासारखा दिसतो, पण वास असा की कुजकी अंडी आणि ब्युटी पार्लर एकत्र! याचं कारण गमतीशीर आहे. यातलं मुख्य रसायन थायोग्लायकोलेट, आणि केस कुरळे करायच्या द्रावणात आणि केस काढायच्या क्रीममध्ये त्याच घराण्यातली रसायनं असतात. गाडीवर त्याचं काम लोखंडाला धरून विरघळवायचं. आणि लोखंड सापडलं की ते जांभळं होतं.

हातमोजे घातले, तोंडाला रुमाल बांधला आणि छतावर फवारलं. अर्धा मिनिट काहीच नाही. मला वाटलं फसलो, पैसे पाण्यात. मग एक ठिपका जांभळा झाला. त्याच्याशेजारी दुसरा. आणि मग सगळं छतच जांभळं व्हायला लागलं. काचेवरून, दारांवरून जांभळे ओघळ खाली यायला लागले. आई बाहेर आली आणि "अगं बाई, गाडीला काय झालं!" म्हणून तिथेच उभी राहिली. शेजारची दोन पोरं होळी समजून धावत आली, त्यांना लांब ठेवायला लागलं.

अण्णा मात्र जवळ आले. ओघळाकडे बघत राहिले. म्हणाले, "हा तर ब्लॉकचा भुगा."

"कसला?"

"ब्रेक ब्लॉकचा. आधी बिडाचे यायचे, मग कंपोझिशनचे आले. मालगाडीनं ब्रेक लावला की उडतो. आम्ही डब्याखालून बाहेर यायचो तेव्हा मिशीत असायचा."

मग आई म्हणाली, आणि हे ती इतकं सहज म्हणाली की मला पाणी मारायचं सुचेना: "तुझ्या अण्णांच्या खाकी शर्टावर नाही का यायचे असे ठिपके? धुवून वाळत घातला की नारिंगी. मी लिंबू-मीठ चोळून उन्हात ठेवायची."

मी इंटरनेटवर तीन रात्री घालवून जे शोधलं, ते आईला कधीपासून माहीत होतं. लिंबातलं सायट्रिक आम्लही लोखंडाच्या गंजाला धरून सोडवतं. रसायन वेगळं, पण काम तेच. आणि माझ्या डोळ्यांसमोर ते शर्ट आले. क्वार्टरच्या मागच्या दोरीवर ओळीने वाळणारे. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्याच वडिलांच्या शर्टांवर ठिपके असतात. दौंड सोडून पुण्याला इंजिनियरिंगला आलो तेव्हा कळलं, नसतात. शर्टावरचे ठिपके आई काढायची. गाडीवरचे कुणी काढले नाहीत. आणि मी त्या ठिपक्यांना गंज म्हणून गाडी रस्त्यावर लावायला सांगितली होती.

चार मिनिटं झाली होती. यापेक्षा जास्त वेळ ते रसायन वाळू द्यायचं नसतं. मी पाण्याचा पाइप सोडला. जांभळं पाणी अंगणातून गटाराकडे गेलं. बॉनेट, डिकी असं करत सगळी गाडी दोनदा फवारली. दुसऱ्यांदा जांभळं कमी झालं. साधारण पाऊण काम झालं होतं.

चौथी पायरी, माती.

ही खरी माती नसतेच. तो एक चिवट, मळलेल्या कणकेसारखा गोळा असतो. पॉलीब्युटीन नावाचं रबरासारखं द्रव्य आणि त्यात अगदी बारीक घासणारी पूड. जपानच्या तादाओ कोदाते यांच्या नावावर १९९० च्या दशकातलं याचं अमेरिकन पेटंट आहे, आणि त्यात त्याचं नाव 'लवचिक घासण्याचा दगड' अशा अर्थाचं आहे. माझ्या मते आईची उपमा जास्त चांगली आहे. काचेचा ग्लास फुटला की बारीक काचा ती कणकेच्या गोळ्याने टिपते. हे तसंच. रंग जसाच्या तसा राहतो, आणि रंगाच्या वर डोकं काढून बसलेला कण गोळ्यात अडकून उपटला जातो.

कृती सोपी, पण पथ्यं कडक. गोळ्याचा चपटा पेढा करायचा. एक फूट बाय एक फूट जागा शाम्पूच्या पाण्याने सुळसुळीत करायची. पेढा सरळ रेषेत, हलक्या हाताने फिरवायचा. गोल गोल नाही, दाब देऊन नाही. आधी खरखर ऐकू येते, हाताला जाणवते, आणि दहा-बारा फेऱ्यांत ती अचानक थांबते. पेढा एकदम लोण्यासारखा घसरायला लागतो. तो क्षण फार भारी असतो, खरंच. मग पेढा उलटून बघायचा. त्यावर तपकिरी पूड दिसते. घडी घालून आत ढकलायची, नवी बाजू वर आणायची, पुढची जागा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं पथ्य म्हणजे गोळा जमिनीवर पडला की फेकून द्यायचा. कितीही जीव तुटला तरी.

माझा पडला. बॉनेटच्या मध्यावर असताना हातातून सटकला आणि अंगणात. मी उचलला, धुतला, वरवर बघितला. स्वच्छ वाटला. पूर्ण छत झालं होतं, बॉनेट थोडंच उरलं होतं, दुसरा गोळा नव्हता, आणि अकराचं ऊन यायला लागलं होतं. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी माणूस ज्या मनःस्थितीत 'एवढाच छोटा बदल आहे, टाकू प्रॉडक्शनला' म्हणतो, अगदी त्या मनःस्थितीत मी तो गोळा परत बॉनेटवर फिरवला.

चार फेऱ्या. धुतल्यावर दिसलं. वीतभर लांबीचे सात-आठ समांतर ओरखडे, बरोबर ड्रायव्हरच्या समोर.

गाडीवरचा सगळा रंग मिळून साधारण शंभर-सव्वाशे मायक्रॉनचा असतो. म्हणजे एखाद-दोन केसांच्या जाडीएवढा. त्यातला काही भाग मी एका झटक्यात खाल्ला होता. पंधरा वर्षं ब्लॉकचा भुगा, ऊन, पाऊस, वानरं, सगळ्यांनी मिळून जे केलं नाही ते मी चार फेऱ्यांत केलं.

अण्णा चहा घेऊन आले. मी म्हणालो, "अण्णा, ओरखडे पडले. गोळा खाली पडला होता, तरी मी वापरला."

त्यांनी वाकून बघितलं. बोट फिरवलं. "खोल नाहीत," म्हणाले. "गाडीय. पडायचेच."

मी तरी उभाच. मग ते चहाचा कप बॉनेटवर ठेवणार होते, तो हातातच धरून म्हणाले, "तू सांगितलंस तरी. वास्तुशांतीच्या दिवशी तीन जागा रिकाम्या होत्या."

त्यांच्या आवाजात राग अजिबात नव्हता. ब्लॉक किती मिलिमीटर उरलाय ते सांगावं, तसं सांगितलं. आणि माझ्याकडे सांगायला काहीच नव्हतं. 'मॅनेजर येणार होता' हे वाक्य मनातल्या मनात म्हणून बघितलं, तर ते त्या दिवसापेक्षाही वाईट वाटलं. मी फक्त "हो" म्हणालो.

"चहा घे," अण्णा म्हणाले. "गार होतोय."

शेवटची पायरी, पॉलिश आणि मेण. माती फिरवल्यावर रंग अगदी उघडा पडतो, त्यावर संरक्षण म्हणून काहीतरी लावायलाच हवं, नाहीतर नवे कण आणखी सहज बसतात. आमच्या गाडीच्या साध्या पांढऱ्या रंगावर वेगळा पारदर्शक थर नाही. पॉलिश करताना फडक्यावर पांढरा रंग यायला लागला तेव्हा माझं पाणी पाणी झालं. पण अशा एकेरी रंगात तो थोडा येतोच. ओरखड्यांवर अण्णांनी स्वतः हात चालवला. घाईचं नाव नाही, जोर नाही, आडवा हात, उभा हात, थांबून बघणं, पुन्हा. मी दोनदा "द्या मी करतो" म्हणालो, त्यांनी ऐकलं नाही. तासाभराने ओरखडे तिरक्या उजेडातच दिसतील एवढे राहिले. मग मेण लावलं, आणि संध्याकाळी आईने बादलीभर पाणी टाकलं तर अळूच्या पानावरून घरंगळावं तसं ते घरंगळून गेलं.

ठिपके सगळे गेले का? नाही. काही खोल रुतलेले तसेच आहेत, विशेषतः छताच्या मागच्या कडेला. घासत बसलं असतं तर गेलेही असते, पण तेवढ्यासाठी रंग झिजवण्यात अर्थ नाही. आणि रूळ जागेवरच आहेत, मालगाड्याही. वर्षातून एकदा जांभळा कार्यक्रम करावा लागणार.

मंगळवारी गाडी पास झाली. तपासणाऱ्यांनी दिवे, हॉर्न, वायपर, ब्रेक बघितले आणि रंगाकडे ढुंकूनही बघितलं नाही! म्हणजे मी हे सगळं कशासाठी केलं, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. पासिंगसाठी लागणार नव्हतं हे मला थोडंफार आधीच माहीत होतं.

मग मी अण्णांना फोन केला. म्हणालो, या शनिवारी गाडी घेऊन या, सोसायटीच्या ॲपवर व्हिजिटर पार्किंगची जागा राखून ठेवलीय. "बरं" म्हणाले. शनिवारी सकाळी बेल वाजली, दारात अण्णा, खांद्याला पिशवी. खाली बघितलं, गाडी नाही. रेल्वेने आले होते.

"पास आहे ना," म्हणाले. "पेट्रोल कशाला जाळायचं?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. खरंच तेवढंच कारण होतं का, मला अजूनही माहीत नाही. कदाचित आधीपासून तेवढंच होतं. कदाचित नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही. दोन वर्षांचा ठिपका एका फवाऱ्यात जावा ही अपेक्षा जरा जास्तच होती.

पण काल, म्हणजे शुक्रवारी, ते गाडी घेऊन आले. आईला कांद्याचं पोतं पाठवायचं होतं, पोतं काही पासवर येत नाही. मी ऑफिसात होतो. संध्याकाळी परत आलो तर गाडी आत, व्हिजिटरच्या दुसऱ्या नंबरच्या जागेत उभी. पांढरीशुभ्र. आणि अण्णा शेजारच्या काळ्या एसयूव्हीपाशी, हातात भाजीची पिशवी घालून. बरोबर आमचा वॉचमन, त्याच्याही हातात पिशवी.

"बघ," अण्णा त्याला सांगत होते, "दिसत नाही, पण आहे. साहेबांना सांग, गाडी खरखरीत झालीय म्हणावं."

ते साहेब आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी. आज सकाळी लिफ्टमध्ये भेटले, जरा घुश्शातच होते. पण जाता जाता विचारलं, "ती माती कुठे मिळते हो?"